ग्रास कटर सुरू होईना: देखभाल आणि दुरुस्तीचा योग्य क्रम

पाऊस उघडीप देऊ लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते, आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीच्या दुकानांपुढे ग्रास कटर ओळीने येऊन पडतात. त्यांतले बरेचसे घरी, पडवीत बसून, एका प्लग पान्याच्या जोरावर सुरू होण्यासारखे असतात. ते घरी सुरू होत नाहीत, कारण तपासणीचा क्रम चुकतो. यंत्र चालेना की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. एकदा ते स्क्रू फिरले की मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि त्यात दुसऱ्या दोषाची भर पडते. म्हणून या लेखात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व दिले आहे: आधी इंधन, मग हवा, मग ठिणगी, मग सायलेन्सर, आणि हे सगळे निर्दोष आहे अशी खात्री पटल्यानंतरच कार्बोरेटर.

लेखातील सूचना खांद्यावर अडकवून चालवायच्या, लांब दांड्याच्या, पेट्रोलवरील यंत्रासाठी आहेत. यांत टू-स्ट्रोक इंजिने अधिक आढळतात, त्यामुळे मुख्य विवेचन त्यांचे आहे. फोर-स्ट्रोकसाठी जिथे वेगळे वागावे लागते तिथे तसे नमूद केले आहे.

तयारी: यंत्राला हात लावण्यापूर्वी

आपले इंजिन कोणते आहे हे आधी निश्चित करावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकीत ओतायचे असते, आणि टाकीच्या टोपणावर किंवा शेजारी मिश्रणाचे प्रमाण बहुधा छापलेले असते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलसाठी स्वतंत्र टोपण असते आणि टाकीत नुसते पेट्रोल जाते. घरात दोन प्रकारची यंत्रे असतील, किंवा यंत्र चालवणारा गडी दर हंगामात बदलत असेल, तर टाकीवर रंगाने ठळक अक्षरांत ‘ऑइल मिक्स’ किंवा ‘साधे पेट्रोल’ असे लिहून ठेवावे. फोर-स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण गेले तर धूर होतो आणि प्लग खराब होतो, एवढ्यावर भागते. टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल गेले तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो आणि खर्च हजारांत जातो.

साहित्य फार लागत नाही. प्लग पाना, ॲलन कीचा संच, एक चपटा व एक फुली स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक सपाट कानस, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, सुती फडके आणि औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज एवढे पुरते. ऑइल मोजायला सिरिंजेइतके अचूक आणि स्वस्त साधन दुसरे नाही. काम जमिनीवर न करता परातीत करावे, म्हणजे निसटलेला स्क्रू किंवा स्प्रिंग मातीत हरवत नाही. प्रत्येक भाग उघडण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घ्यावा. जोडताना स्मरणशक्ती दगा देते, फोटो देत नाही.

सावधान: पात्याला, गिअर हेडला (दांड्याच्या टोकाशी, पात्याच्या वर असलेल्या गिअरच्या डब्याला) किंवा नायलॉनच्या डोक्याला हात लावण्यापूर्वी स्विच बंद करून प्लगची टोपी काढून बाजूला करावी. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज टाकी उघडू नये, आणि चूल, विडी-सिगारेट किंवा देवघरातला दिवा जवळपास असेल तिथे पेट्रोलचे काम करू नये.

टप्पा १. इंधन: निम्मे दोष येथेच सापडतात

प्रमाण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतले घ्यावे, शेजाऱ्याच्या यंत्राचे नव्हे. एक लिटर पेट्रोलसाठी लागणारे ऑइल असे: १:५० असेल तर २० मिली, १:४० असेल तर २५ मिली, १:३० असेल तर सुमारे ३३ मिली आणि १:२५ असेल तर ४० मिली. ऑइल टू-स्ट्रोकचेच, म्हणजे डब्यावर ‘२टी’ असे लिहिलेले असावे. मोटारसायकलच्या इंजिनात घालायचे ४टी ऑइल यात चालत नाही; ते पेट्रोलबरोबर नीट जळत नाही आणि प्लगवर व सायलेन्सरमध्ये काजळीचा थर चढवते. बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे ऑइलही येथे वापरू नये. किनाऱ्यावरच्या गावांत ते सहज हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

मिसळण्याची रीत अशी. स्वच्छ, पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात मोजलेले ऑइल सोडावे, झाकण लावून चांगले हलवावे, मग उरलेले पेट्रोल ओतून पुन्हा हलवावे. प्रत्येक वेळी टाकी भरण्यापूर्वी कॅन हलवावा. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून झाकणाच्या अंदाजाने ऑइल ही सर्रास चालणारी पद्धत पूर्णपणे चुकीची आहे, कारण टाकीत ते एकजीव होत नाही आणि इंजिनाला आधी नुसते ऑइल व नंतर नुसते पेट्रोल मिळण्याचा धोका राहतो.

‘थोडे ऑइल जास्त घातले की इंजिन सुरक्षित’ हा समजही सोडून द्यावा. जास्त ऑइलने इंजिन लगेच बिघडत नाही हे खरे. परंतु प्लग, सायलेन्सरची जाळी आणि सिलिंडरचे धूर बाहेर सोडणारे तोंड हळूहळू काजळीने बुजते, आणि तीन महिन्यांनी यंत्र दम टाकू लागते तेव्हा त्याचा संबंध कोणी ऑइलशी लावत नाही.

आता पेट्रोलविषयी. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांची मर्यादा दिलेली आढळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धा भरलेला कॅन महिनाभर पडून राहिला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकते, आणि ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली नळी तळाचे इंधन उचलते. म्हणजे इंजिनाला नेमके ऑइल नसलेले, पाणी मिसळलेले इंधन मिळते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे लवकर कडक होतात. यावर उपाय एकच आहे: आठ-पंधरा दिवसांत संपेल इतकेच मिश्रण करावे आणि उरलेले पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवू नये.

तपासणी: शंका असेल तर टाकीतले इंधन स्वच्छ काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, अथवा वास आंबट-वार्निशासारखा आला, तर ते इंधन यंत्रात परत घालू नये.

इंधन चांगले असूनही ते इंजिनापर्यंत पोहोचते का, हे त्यानंतर पाहावे. टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर लोंबत असतो. तारेच्या टोकाला आकडा करून तो टाकीच्या तोंडातून बाहेर ओढावा. नळीला जोराने हिसका देऊ नये. फिल्टर काळपट-चिकट झाला असेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता नवाच बसवावा, तो स्वस्त असतो. नळी बोटांनी वाकवून पाहावी. तिच्यावर केसासारख्या चिरा दिसल्या तर तिथून हवा ओढली जाते, आणि हा दोष बाहेरून सहज दिसत नसल्यामुळे माणसे कार्बोरेटर बदलून मोकळी होतात.

यंत्र दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर ते बंद पडल्याबरोबर टाकीचे टोपण अगदी सावकाश सैल करून कान द्यावा. ‘स्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. इंधन जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून टाकीत पोकळी तयार होऊन इंधन अडते. टोपणातला किंवा नळीवरचा तो छोटा झडपेचा भाग साफ केला, की तक्रार मिटते.

टप्पा २. सुरू करण्याची पद्धत

दुरुस्तीला येणाऱ्या काही यंत्रांत दोष नसतोच. ती चुकीच्या पद्धतीने सुरू केल्यामुळे पेट्रोलने भरून गेलेली असतात. थंड इंजिन पुढील क्रमाने सुरू करावे.

१. स्विच चालू करून पारदर्शक रबरी फुगा सात-आठ वेळा दाबावा, त्यात इंधन दिसले पाहिजे.
२. चोक बंद करावा, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या हवेची झडप मिटावी (यालाच चोक लावणे म्हणतात).
३. दोरी आधी हळू ओढून, अडकल्याची जाणीव होताच झटक्याने ओढावी. दोरी पूर्ण शेवटपर्यंत ताणू नये आणि हातातून सोडून देऊ नये.
४. दोन-चार ओढण्यांत एकदा ‘फट्’ असा आवाज येतो आणि इंजिन लगेच थांबते. येथेच चोक उघडायचा असतो.
५. चोक उघडून पुन्हा दोरी ओढावी, आणि इंजिन सुरू झाल्यावर अर्धा मिनिट गरम होऊ द्यावे.

चौथ्या पायरीवर बहुतेकांची चूक होते. तो पहिला आवाज ऐकू आला नाही, किंवा ऐकूनही चोक बंदच ठेवून दोरी ओढत राहिले, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते आणि मग पन्नास वेळा ओढूनही काही होत नाही. अशा वेळी प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवावा, स्विच बंद करावा, रेस पूर्ण दाबून प्लगचे भोक खालच्या बाजूला येईल असे यंत्र धरावे आणि दोरी आठ-दहा वेळा ओढावी. साचलेले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. पाच-दहा मिनिटे वाऱ्यावर ठेवून कोरडा प्लग बसवावा आणि या वेळी चोक न लावता सुरू करावे.

गरम इंजिनाला चोक लावूच नये.

टप्पा ३. हवा: एअर फिल्टर

वाळलेल्या गवताचा भुसा आणि जांभ्याची तांबडी धूळ एअर फिल्टर दोन दिवसांत भरून टाकते. रोजच्या कामात तो रोज उघडून पाहावा. उघडण्यापूर्वी चोक बंद करावा, म्हणजे झटकताना धूळ कार्बोरेटरच्या तोंडात जात नाही, आणि झाकणाभोवतीची माती ब्रशने आधीच काढावी.

स्पंजाचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा. पिळून त्याचा चेंडू करू नये, कारण स्पंज फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तर ऑइलचे काही थेंब लावून, हाताला ओशट लागेल इतपतच ठेवून, जादा ऑइल फडक्यात दाबून काढावे. कागदाचा किंवा नमद्याचा फिल्टर मात्र धुऊ नये; तो हलक्या हाताने आपटून झटकावा आणि काळवंडला की बदलावा.

सावधान: ‘फिल्टर काढला की यंत्र ताकदीने चालते’ असे कोणी दाखवून दिले तरी तो काढून यंत्र चालवू नये. त्या प्रयोगातून फिल्टर तुंबला आहे एवढेच सिद्ध होते. उघड्या तोंडातून गेलेली तांबडी धूळ पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये कानशीसारखे काम करते.

टप्पा ४. ठिणगी: प्लग

प्लग काढण्यापूर्वी त्याच्या बुडाशी साचलेला भुसा फुंकून काढावा, नाहीतर तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो. काढलेल्या प्लगचे टोक उजेडात नीट पाहावे, कारण इंजिनाच्या आत काय चालले आहे हे तेच सांगते. फिकट तपकिरी, कोरडे टोक म्हणजे सगळे ठीक. काळे आणि ओले म्हणजे पेट्रोल वा ऑइल जास्त, किंवा हवा कमी. काळे पण कोरडे, मऊ काजळीचे म्हणजे बहुधा तुंबलेला एअर फिल्टर. आणि पांढरे, कोरडे पडलेले टोक दिसले तर यंत्र तिथेच थांबवावे: इंधन कमी पडते आहे, कुठून तरी हवा आत जाते आहे, आणि पुढची पायरी पिस्टन धरण्याची असू शकते.

टोक टूथब्रशने साफ करून मधले अंतर फीलर गेजने पाहावे. बहुतेक यंत्रांत ते ०.५ ते ०.७ मिमीच्या दरम्यान असते. आपल्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. नवा प्लग घेताना जुन्यावरचा क्रमांक जुळवावा. मोटारसायकलचा प्लग आटे जुळतात म्हणून बसवला जातो, पण त्याची लांबी जास्त असेल तर पिस्टन त्यावर आदळू शकतो. बसवताना सुरुवातीचे आटे नेहमी बोटांनीच फिरवावेत. ॲल्युमिनियमच्या डोक्यातले आटे पान्याच्या एका वाकड्या फटक्याने जातात.

ठिणगी, म्हणजे दुकानात ज्याला ‘करंट’ म्हणतात ती, तपासायची असेल तर प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा, टोपी रबराच्या बाजूने धरावी, स्विच चालू करून दोरी ओढावी. निळसर, स्पष्ट ठिणगी दिसली पाहिजे. मात्र आधी साचलेले पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्यावे आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा. ठिणगी नसेल तर कॉइल बदलण्याच्या आधी स्विचची वायर तपासावी: दांड्यावरून येणारी ती पातळ वायर घासून उघडी पडली की इंजिन कायमचे ‘बंद’ या स्थितीत राहते. पावसाळ्यात अडगळीत ठेवलेल्या यंत्रांच्या वायरी उंदीरही कुरतडतात.

टप्पा ५. सायलेन्सर: ज्याच्याकडे कोणी पाहत नाही

दोन वर्षांपूर्वी ऐन कार्तिकात आमच्या कटरने रेस घेणे सोडले. दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू व्हायचा, मंद गतीत व्यवस्थित चालायचा, पण गवताला पाते लागले की घुसमटल्यासारखा होऊन बसायचा. दुकानात कार्बोरेटर साफ झाला, मग नवा बसला, तरी फरक नाही. शेवटी घरी सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले तेव्हा आत बोटाच्या पेराएवढी धातूची जाळी मिळाली, आणि तिची भोके काळ्या, डांबरासारख्या थराने अशी मिटली होती की उजेडाकडे धरूनही पलीकडचे दिसत नव्हते. तारेच्या ब्रशने ती पाच मिनिटांत साफ झाली. नव्या कार्बोरेटरचे पैसे मात्र गेले ते गेले, आणि ऐन हंगामातले नऊ दिवसही.

म्हणून टू-स्ट्रोकमध्ये ही जाळी हंगामात किमान एकदा काढून साफ करावी. सायलेन्सर थंड असताना जाळीचा स्क्रू काढावा, जाळी चिमट्याने ओढावी, तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी आणि परत बसवावी. ती कायमची काढून टाकू नये: वाळक्या गवतात काम करताना सायलेन्सरमधून उडणारी ठिणगी अडवणे हेच तिचे काम आहे, आणि नोव्हेंबरनंतरच्या कोकणातल्या बागेला वणव्यासाठी एवढीशी ठिणगी पुरते.

सायलेन्सर पूर्ण काढला असेल तर सिलिंडरचे धूर बाहेर सोडणारे तोंडही पाहून घ्यावे. प्लग काढून दोरी सावकाश ओढावी आणि पिस्टनने ते तोंड झाकले की थांबावे, म्हणजे खरवडलेली काजळी आत पडत नाही. मग लाकडाच्या किंवा बांबूच्या काडीने काजळी खरवडावी. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. याच वेळी पिस्टनची बाजू बॅटरीच्या उजेडात दिसते. ती गुळगुळीत असेल तर समाधान मानावे. तिच्यावर वरून खाली गेलेले खोल ओरखडे असतील तर पिस्टन धरायला सुरुवात झाली आहे, आणि यापुढचे काम घरी करण्याचे नाही.

तपासणी: इंजिनाचा दाब ढोबळमानाने पाहायचा असेल तर स्विच बंद ठेवून, प्लग घट्ट बसवून, दोरीची मूठ धरून यंत्र किंचित वर उचलावे. चांगले इंजिन टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येते. ते सरसर एकदम खाली आले तर दाब गेलेला आहे.

टप्पा ६. कार्बोरेटर: आता, आणि आताच

वरचे सगळे टप्पे पार करूनही यंत्र चालत नसेल तरच येथे यावे. कार्बोरेटरवर सामान्यतः तीन स्क्रू असतात: मंद गतीच्या इंधनाचा, पूर्ण गतीच्या इंधनाचा आणि नुसती मंद गती ठरवणारा. यांपैकी तिसरा घरी फिरवायला हरकत नाही. मंद गतीत पाते फिरत असेल तर तो थोडा सैल करावा, यंत्र बंद पडत असेल तर थोडा आवळावा. तरीही पाते थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटल्याचा संशय घ्यावा, आणि ती बदलेपर्यंत यंत्र वापरू नये.

इंधनाच्या दोन स्क्रूंना हात लावायचाच असेल तर आधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने आत जाईपर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि आकडा कागदावर लिहावा, मग तेवढेच फेरे मागे आणून मूळ जागी ठेवावा. आत टेकल्यावर जोर केला तर सुईचे टोक चेपते आणि तो कार्बोरेटर पुन्हा कधीच नीट लागत नाही. पूर्ण गतीचा स्क्रू आवळल्यावर इंजिनाचा आवाज तीक्ष्ण, टणटणीत होतो आणि यंत्र ‘तेज’ झाल्यासारखे वाटते. या वाटण्याने कितीतरी पिस्टन गेले आहेत. पेट्रोल कमी झाले की त्याबरोबर येणारे ऑइलही कमी होते. पूर्ण गतीत, पाते गवतात नसताना, आवाज किंचित भरड असणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. हा स्क्रू शक्यतो फेरे मोजण्याचे यंत्र असलेल्या मिस्त्रीकडूनच लावून घ्यावा.

आतले पडदे बदलणे मात्र घरी जमते. दोन्ही झाकणे उघडून पडदा, गॅस्केट आणि झाकण यांचा क्रम प्रत्येक थराला फोटो घेऊन नोंदवावा, कारण पडदा आणि गॅस्केट यांची अदलाबदल झाली की इंधन येतच नाही. जुना पडदा बोटांत हलवून पाहावा: चांगला पडदा कापडासारखा मऊ असतो, गेलेला कागदासारखा कडकडतो. बारीक छिद्रे कार्बोरेटरच्या स्प्रेने साफ करावीत, त्यात सुई किंवा तार घालू नये.

टप्पा ७. गिअर हेड आणि पाते

इंजिन उत्तम चालते पण पाते फिरत नाही, किंवा गिअर हेड हात ठेववणार नाही इतके तापते, अशा तक्रारींचे मूळ बहुधा ग्रीसमध्ये असते. दर २५ तासांच्या कामानंतर गिअर हेडच्या बाजूचा स्क्रू काढून पाहावे. आटे कोरडे दिसले तर ट्यूबमधून ५ ते १० ग्रॅम लिथियम ग्रीस भरावे, भरताना पाते हाताने हळू फिरवावे. ठासून भरू नये. जादा ग्रीस तापून सील बाहेर ढकलते.

पाते काढताना होणारी चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती वेगळी सांगायला हवी. बहुतेक ग्रास कटरमध्ये पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. नट सैल करण्यासाठी तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. गिअर हेडच्या भोकात ॲलन की घालून दांडा अडवावा आणि मग नट फिरवावा. हे ठाऊक नसल्यामुळे पान्याला पाइप लावून नट आणखी आवळला जातो, आणि शेवटी आटे तुटतात.

बसवताना क्रम असा ठेवावा: वरची चकती, पाते, खालची चकती, वाटी, नट. पात्याचे मधले भोक वरच्या चकतीच्या उंचवट्यावर नेमके बसले पाहिजे. भोक साधारणतः २५.४ मिमीचे असते, काही यंत्रांत २० मिमीचे. मोठ्या भोकाचे पाते लहान उंचवट्यावर बसवले तर ते केंद्रातून सरकते, हाताला मुंग्या येईपर्यंत थरथरते आणि बेअरिंग खाते.

धार लावताना सर्व दातांना कानशीचे सारखेच हात द्यावेत आणि मूळ कोन बदलू नये. नंतर पाते भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर अडकवून फिरवावे. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली तर ती जड आहे, तिला आणखी थोडे घासावे.

सावधान: तडा गेलेले, वाकलेले किंवा दात तुटलेले पाते वेल्डिंग करून कदापि वापरू नये. मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारा तो तुकडा सुटला तर कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसते. याच कारणाने नायलॉनच्या डोक्यात तार किंवा साखळी घालू नये. संरक्षक पत्रा काढून यंत्र चालवू नये, चष्मा व गमबूट घालावेत आणि यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत कोणीही, विशेषतः मूल, उभे राहू देऊ नये.

टप्पा ८. नायलॉन दोरी

दोरी वारंवार तुटत असेल तर ती बहुधा जुनी होऊन कोरडी पडली आहे. नायलॉन पाणी शोषते. वापरण्याच्या आदल्या रात्री गुंडाळी पाण्यात बुडवून ठेवली की दोरीला पुन्हा चिवटपणा येतो. डोक्यात भरताना दोन्ही पदर बाणाच्या दिशेने, एकमेकांवर न चढवता गुंडाळावेत. पुस्तिकेतल्यापेक्षा जाड दोरी लावली तर इंजिनावर ओझे येते आणि क्लच तापतो.

बागेच्या दृष्टीने एक गोष्ट यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. तीन-चार वर्षांच्या कलमाच्या बुंध्याला नायलॉन दोरी क्षणभर जरी लागली तरी साल सोलली जाते, आणि ती सगळीकडून सोलली गेली तर कलम उभ्या उभ्या वाळते. बुंध्याभोवतीचे दोन फूट गवत कोयत्याने, हातानेच काढावे. गड्यालाही काम सुरू करण्यापूर्वी हे आवर्जून सांगावे.

फोर-स्ट्रोक असेल तर

ऑइल रोज, यंत्र सपाट ठेवून पाहावे. तिरके ठेवून पाहिलेली पातळी खोटी असते. पहिले ऑइल साधारण १० तासांनी आणि नंतर दर ५० तासांनी बदलावे. ३५ सीसीच्या इंजिनात जेमतेम १०० मिली ऑइल मावते, म्हणून येथेही सिरिंज वापरावी. ऑइल जास्त झाले तर निळसर धूर येतो आणि ते एअर फिल्टरमध्ये चढते. १०–२० मिली कमी झाले तर एवढ्याशा इंजिनाला तेही जाणवते. इंजिन कोमट असताना काढलेले ऑइल संपूर्ण निथळते.

टप्पा ९. हंगाम संपल्यावर ठेवणे

पुढच्या वर्षी यंत्र सुरू होईल की नाही हे बहुतांशी या अर्ध्या तासावर ठरते.

१. टाकी रिकामी करावी, फुगा दाबून नळीतले इंधन टाकीत परत आणून तेही ओतून टाकावे.
२. इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.
३. थंड झाल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर, सुमारे ५ मिली, स्वच्छ २टी ऑइल सोडावे. स्विच बंद ठेवून, भोकावर फडके धरून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग बसवावा. फोर-स्ट्रोकमध्ये त्याच्या इंजिनाचेच ऑइल काही थेंब पुरे.
४. सिलिंडरच्या पंखांमधला भुसा ब्रशने काढावा. तो तसाच राहिला तर इंजिन थंड होत नाही आणि पावसाळ्यात तिथे ओल धरते.
५. पाते पुसून त्यावर ऑइलचा हात फिरवावा, नायलॉनची गुंडाळी उन्हापासून दूर ठेवावी.
६. सायलेन्सरच्या आणि हवेच्या तोंडाला फडक्याचा बोळा लावावा, कारण कुंभारीण माशी तिथे मातीचे घर हमखास बांधते. बोळ्याला लाल दोरा बांधून तो दांड्यावर दिसेल असा सोडावा, म्हणजे पुढच्या हंगामात बोळा न काढता कोणी यंत्र सुरू करणार नाही.
७. यंत्र भिंतीला आडवे, जमिनीपासून वर, चुलीच्या धुरापासून आणि खताच्या पोत्यांपासून दूर टांगावे. खताच्या ओलसर वाफेने ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते.

शेवटी प्लगचा क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण, कार्बोरेटरच्या स्क्रूंचे मोजलेले फेरे आणि ग्रीस भरल्याची तारीख एका कार्डावर लिहून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि यंत्राच्या पट्ट्यालाच बांधून ठेवावे.